गोतावळा ग्रुप: लिथुआनियाच्या राजधानीत, विल्नियसला जाऊन जेवायचं काय?

अप्पाकाका: तिकिटं झाली, व्हिसा झाला. आता मुख्य मुद्दा. मिनू, तिथे खायचं काय? माझं काही नाही, मी सगळं खातो. पण तुझी काकू आणि शोभा?

शोभाआत्या: माझी काळजी नको. भाजणी, मेतकूट, चिवडा घेऊन येतेय. चातुर्मास आहे, कांदा-लसूण नाही. अंडं तर कधीच नाही.

मिनू (विल्नियस): आत्या, भाजणी खुशाल आण, थालीपीठ मी लावते. पण साजूक तूप आणि पेढे बॅगेत घालू नकोस. युरोपियन युनियनमध्ये प्रवाशांना बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, सापडले तर काढून घेतात. आणि एक विनंती. लिथुआनियन हॉटेलात बसल्यावर डबा उघडायचा नाही!

शोभाआत्या: मग काय हवा खाऊ?

पिंट्या: आत्या, बटाटे खा. त्या देशात बटाट्याशिवाय काही नाही.

मिनू (विल्नियस): पिंट्या, तू इथे पाच दिवस राहून चार दिवस पिझ्झा खाल्लास. तू गप्प बस.

मंदाकाकू: अगं पण खरंच, आम्ही व्हेज लोकांनी काय मागवायचं ते नीट सांग. लिहून ठेवते.

मिनू (विल्नियस): काकू, सांगते. मेसेज मोठा होईल.

इथला मानाचा पदार्थ त्सेपेलिनाय. बशीत दोन येतात, तळहाताएवढे, लांबोडके, करडे, जरासे पारदर्शक. बघून कोणाला भूक लागणार नाही, पण कापल्यावर मत बदलतं. कच्चा बटाटा अगदी बारीक किसतात, फडक्यात घट्ट पिळतात. जे पाणी निघतं ते फेकत नाहीत. थोडा वेळ ठेवलं की तळाशी पांढरा स्टार्च बसतो, वरचं पाणी ओतून टाकून तो स्टार्च परत किसात घालतात. मग थोडा उकडलेला बटाटा, मीठ. पारी करून आत सारण भरायचं आणि मंद उकळत्या पाण्यात अर्धा तास. पाणी जोरात खळखळलं की फुटतात, म्हणून उकळायच्या पाण्यातही थोडा स्टार्च कालवतात. शेजारच्या आजी किस काळा पडू नये म्हणून लिंबू पिळतात.

सारण बहुतेक वेळा डुकराच्या खिम्याचं. पण जवळपास प्रत्येक पारंपरिक हॉटेलात दुसरा प्रकार असतोच, 'सु वार्श्के'. वार्श्के म्हणजे दूध नासवून केलेलं, आपल्या चक्क्याहून कोरडं आणि पनीरहून मऊ. तो तुम्ही मागवायचा. वर आंबट सायीचं आणि लोण्याचं सॉस.

वैदेहीवहिनी: थांब थांब. बटाटा, बटाट्याचंच सत्त्व, मीठ आणि चक्का? हे तर उपासाला चालेल!

आजी: चालेल की. सैंधव घालायला सांगा.

अप्पाकाका: 😂😂 लिथुआनियात उपासाची थाळी

मिनू (विल्नियस): आजी, मीही तेच म्हणत होते, पण वार्श्केच्या सारणात काही ठिकाणी अंड्याचा बलक घालतात. बांधून यावं म्हणून. विचारावंच लागतं.

आणि खरा सापळा वेगळाच आहे. स्पिर्गुचेय. डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे खमंग परततात, कांद्याबरोबर, आणि आपण कोथिंबीर भुरभुरवतो तसे वरून घालतात. सारण चक्क्याचं असलं तरी एखादा आचारी सवयीने घालून मोकळा होतो. त्याच्या हिशेबी ते मांस नाहीच, फोडणी आहे! म्हणून ऑर्डर देताना दोनदा म्हणायचं, 'बे स्पिर्गुचिऊ'. 'बे' म्हणजे शिवाय.

मंदाकाकू: बाई गं. मी 'व्हेज व्हेज' म्हणत बसले असते.

बाबा: मेनूकार्डावर ॲलर्जीची यादी असते ना? त्यावरून कळेल की.

मिनू (विल्नियस): बाबा, अर्धंच. युरोपियन नियमाने 14 ॲलर्जन कळवावे लागतात. त्यात अंडं आहे, दूध आहे, गहू-राय आहे, मासे आहेत. म्हणजे अंड्याचा प्रश्न त्या यादीवरून सुटतो. पण डुकराचं मांस त्यात नाही, कांदा-लसूणही नाही. ती यादी ॲलर्जीवाल्यांसाठी आहे, आपल्या सोवळ्यासाठी नाही. तोंडाने विचारायचंच. लोक चांगले आहेत, हसत नाहीत, आत जाऊन विचारून येतात. विल्नियसमध्ये बहुतेकांना इंग्रजी येतं.

पिंट्या: गुलाबी सूप सांग ना. फोटोसाठी तरी.

मिनू (विल्नियस): शाल्तिबार्श्चेय. हे मात्र उन्हाळ्यात न खाता परत जाऊ नका. केफिरमध्ये, म्हणजे ताकासारख्या आंबवलेल्या दुधात, किसलेलं बीट, काकडी, शेपू, कांद्याची पात. थंडगार. रंग इतका भडक गुलाबी की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं खायचा रंग घातलाय. 2023 पासून विल्नियसमध्ये याचा उत्सवही भरतो, गुलाबी कपडे घालून लोक रस्त्यावर. आणि सूपबरोबर वेगळ्या बशीत वाफाळता उकडलेला बटाटा देतात. तो सूपमध्ये बुडवायचा नाही, एक घास गरम, एक चमचा गार. वर उकडलेलं अंडं असतं, आधीच 'नको' सांगायचं. काकू, तुमचं काम झालं. आत्याचं नाही, पात असते.

शोभाआत्या: बघा. म्हणूनच म्हणते, भाजणी बरी.

नाना: चि. मिनू, तिकडे जंगलात अळंबी फार मिळतात असे वाचले होते. खरे काय?

मिनू (विल्नियस): नाना, फार म्हणजे फार. दक्षिणेला जुकिया भाग आहे, रेताड जमीन, पीक बेताचं, त्यामुळे लोक अळंबी आणि रानफळांवरच जगत आले. त्यांची एक म्हण आहे: अळंबी नसती नि रानफळं नसती, तर जुकियाच्या पोरी नागड्याच असत्या!

आई: मिनू!! ग्रुपवर आजी आहेत.

आजी: मला काय झालंय? बाजारात विकून कपडे घेत असतील पोरी. बरोबर आहे म्हण.

मिनू (विल्नियस): 😄 आत्ता जुलैत पिवळ्या चँटरेल अळंबी येतात, क्रीममध्ये परततात. अळंबीचं सूप राय धान्याच्या काळ्या पावात पोकळ करून देतात, पर्यटकांना फार आवडतं. मला विचाराल तर फोटोपुरतं ठीक. त्यात पुष्कळदा धुरावलेलं मांस असतं, शाकाहाऱ्यांनी विचारल्याशिवाय चमचा घालायचा नाही.

अप्पाकाका: आता आमचं सांग. पेयपान विभाग.

मिनू (विल्नियस): काका, बिअरबरोबर केप्ता दुओना. काळ्या पावाच्या पट्ट्या तेलात तळून, गरम असतानाच वरून कच्चा लसूण चोळतात, वर चीजचं सॉस. पाव कुरकुरीत, लसूण नाकात जातो. शाकाहारी आहे, फक्त आत्याने लांब बसायचं. डुकराचे धुरावलेले कानही मिळतात, ते तुम्ही आणि बाबा बघून घ्या. आणि ज्यांना बिअर नको त्यांना गिरा, काळ्या पावाचं आंबवलेलं पेय, अल्कोहोल नावापुरता.

बाबा: कान?

मिनू (विल्नियस): कान. बारीक चिरलेले. आधी एकच प्लेट मागवा.

वैदेहीवहिनी: त्राकाईला पण जाणार ना? तिथलं काहीतरी प्रसिद्ध आहे म्हणे.

मिनू (विल्नियस): किबिनाय. तळ्यातला किल्ला बघायचा आणि किबिनाय खायचे, तो दिवस तेवढ्यासाठीच. विल्नियसपासून तीसेक किलोमीटर. चौदाव्या शतकाच्या अखेरीला लिथुआनियाचा ग्रँड ड्यूक विताउतास याने क्रिमियातून कराईम लोक आणून तिथे वसवले, तुर्की कुळातली भाषा बोलणारे. त्यांची रस्त्याकडे तीन खिडक्या असलेली लाकडी घरं अजून आहेत. मूळ किबिनाय मटणाचे, करंजीसारखी मुरड घातलेले, मटण सुरीने चिरलेलं, आत रस. गरम असताना चावलं की हातावर ओघळतो. काका, तुम्हाला स्वर्ग. आता पालक-वार्श्केचे, अळंबीचेही मिळतात, पण वरून अंड्याचा हात फिरवलेला असतो, म्हणून चमकतात. आई-काकू, तुम्ही ठरवा.

मंदाकाकू: मी खाईन. मी अंड्याचा केक खातेच.

शोभाआत्या: म्हणजे राहिले मी एकटी.

मिनू (विल्नियस): आत्या, तुझं मी आधीच विचारून आलेय. पिलिएस रस्त्यावरच्या हॉटेलात गेले होते काल. उकडलेला नवा बटाटा, वार्श्के, आंबट साय, वरून शेपू. शेतावरचं साधं जेवण आहे ते इथलं. कांदा नाही, लसूण नाही, अंडं नाही. बरोबर काळा पाव आणि लोणी, पावात शहाजिरं असतं. नंतर वार्श्केचं चीज आणि मध. आणि पावाचा मान फार आहे इथे, जुनी माणसं खाली पडलेला तुकडा उचलून त्याचं चुंबन घेतात.

शोभाआत्या: हे आधी सांगायचंस ना. शेपू ताजा असतो का?

मिनू (विल्नियस): शेपूशिवाय यांचं पान हलत नाही.

शोभाआत्या: बरं. पण मी दिवेलागणीच्या आत जेवते.

मिनू (विल्नियस): इथे आत्ता साडेनऊपर्यंत उजेड असतो, आरामात जेव.

आई: त्सेपेलिनाय प्रत्येकी एक पुरेल का दोन?

मिनू (विल्नियस): एक! दोन खाऊन बाबा मागच्या वेळी बाकावर झोपले होते. काही हॉटेलांत एकाची अर्धी प्लेटही देतात. पूर्ण प्लेट साधारण 10 युरोच्या आसपास. पाणी विकतचं मागवायची गरज नाही, नळाचं मागा.

अप्पाकाका: आणि ते जंगली मांसाचं हॉटेल? तळघरातलं?

मिनू (विल्नियस): लोकिस. 1972 पासून आहे, स्टिक्लिऊ गल्लीत, जुन्या इमारतीचं तळघर. हरीण, रानडुक्कर, बीव्हर नावाचा नदीकाठचा प्राणीसुद्धा. तिथे फक्त तुम्ही, बाबा आणि पिंट्या. शुक्रवारी संध्याकाळी सातचं टेबल घेते, तीन माणसं. शनिवारी दुपारी एकला आपण सगळे पिलिएसला, आठ माणसं. कोणी गळणार असेल तर गुरुवारपर्यंत सांगा, टेबल रद्द करायला कळवावं लागतं.

नाना: मी बीव्हर खाणार नाही. पण तळघर बघायला येईन. चार माणसांचे कर.

मिनू (विल्नियस): चार केलं, नाना.