कीर्तनकार आपल्याशीच बोलताहेत असं कधी वाटलंय? अनुभव लिहा

मंडप माणसांनी भरलेला असतो, तरी एखादं वाक्य नेमकं आपल्यालाच येऊन लागतं. असं का होतं, याबद्दल तुम्हा सगळ्यांचे अनुभव वाचायचे आहेत. महाराज नावाजलेले होते की गावातलेच, याला महत्त्व नाही. काय बोलले आणि कसं बोलले, ते लिहा. सुरुवात मी करते.

वडिलांच्या दशक्रियेला घाटावर प्रवचन होतं. महाराज वेळेच्या बरेच आधी आले आणि खुर्चीवर न बसता चुलत्यांशेजारी जाऊन उभे राहिले. तात्या काय करायचे, शेती कोण बघतं, असं हळू आवाजात विचारत होते. नंतर प्रवचनात अभंगाचं निरूपण चालू असताना मध्येच म्हणाले, "तात्यांची पेरणीची पाभर ओसरीवर तशीच उभी आहे." आणि माझ्या थोरल्या भावाकडे वळून विचारलं, "यंदा ती कोण धरणार?" एवढं विचारून थांबले. सगळा घाट गप्प. दोघा भावांचं वाटणीवरून बोलणं बंद होतं, हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. धाकटा म्हणाला, "दोघं मिळून धरू." महाराजांनी त्यावर एक शब्दही उपदेश केला नाही, सरळ पुढच्या चरणाकडे गेले. अभंग कोणता होता हे मला आज आठवत नाही, तो प्रश्न मात्र आठवतो.

*

मी पखवाज वाजवतो. कीर्तनात लोक महाराजांकडे बघत असतात, मला लोकांचे चेहरे दिसतात. ज्यांच्या साथीला बसायला मला मनापासून आवडतं ते महाराज लोक चुळबुळ करायला लागले की आवाज चढवत नाहीत, उलट खाली आणतात. मागचे लोक आपोआप पुढे सरकतात. आणखी एक. समोर कुणाचे डोळे भरून आले की ते त्या माणसावरची नजर काढून घेतात आणि मला खूण करतात. लगेच गजर सुरू. टाळांच्या आवाजात त्या माणसाला हवं तेवढं रडता येतं. काही जण नेमक्या अशा वेळी त्याच माणसाकडे बोट दाखवून बोलतात. मला ते अजिबात पटत नाही.

*

आम्ही अमरावतीकडचे, त्यामुळे गाडगेबाबांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. आजोबांनी त्यांची कीर्तनं ऐकली होती. बाबा गावात आले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडायचे, कीर्तन रात्री. म्हणजे कीर्तनाला बसलेल्या माणसानं दिवसा बाबांना आपल्याच दारासमोर वाकलेलं पाहिलेलं असायचं! मग दारू सोडा, कर्ज काढून सण-लग्नं करू नका, देवापुढे बकरं कापू नका, पोरांना शाळेत घाला, हे त्या तोंडून ऐकताना परकं वाटायचं नाही. भाषा वऱ्हाडी, आणि बोलणं सगळं सवाल-जवाबाचं. ते विचारणार, लोक एका आवाजात उत्तर देणार, त्याच उत्तरातून पुढचा प्रश्न निघणार. आजोबा म्हणत, "आपण एकदा 'हो' म्हटलं की घरी जाऊन 'नाही' म्हणायची सोय राहत नसे." 1956 सालच्या, म्हणजे त्यांच्या अखेरच्या वर्षातल्या, वांद्र्याच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण ऐकायला मिळतं. जरूर ऐका. लोकांचे होकार त्यात स्पष्ट ऐकू येतात.

*

माझा अनुभव वेगळा आहे. सप्ताहात एका महाराजांनी सुनांवर विनोद सुरू केले. मंडप हसत होता, सासूबाई माझ्याकडे बघून हसत होत्या. तेही मला थेट लागलंच. मी उठून आले. लोकांना जवळचं वाटेल असं बोलताना कुणाच्या जिवावर बोलतोय, हे बघायला नको का?

*

वरच्या ताईंशी पूर्ण सहमत. मी नारदीय कीर्तन शिकते. पूर्वरंगात निरूपण, मग नामाचा गजर, बुक्का, आणि उत्तररंगात आख्यान, अशी चौकट ठरलेली. पण आमचे बुवा कीर्तनाआधी देवळात चक्कर मारायला लावतात. कोण बसलंय ते बघ, म्हणतात. समोर शाळेची पोरं असतील तर निरूपण आखडतं घ्यायचं, आख्यान लांबवायचं.

एकदा जनाबाईंचं आख्यान करत होते. जात्याचा प्रसंग आला, मी ओवी धरली आणि पहिल्याच रांगेतल्या आजींनी माझ्याबरोबर सूर लावला. त्यांची ओवी वेगळी होती, चालही वेगळी. मी थांबले. पेटीवाल्या काकांनी त्यांचा सूर शोधून दिला. आजींनी एक म्हटली, दुसरी म्हटली, मग शेजारच्या दोघी मिसळल्या. आख्यान बरंच लांबलं, आरतीला उशीर झाला. बुवा मागे बसले होते. कीर्तन संपल्यावर त्यांनी वही पुढे केली आणि म्हणाले, "त्या आजींच्या ओव्या आधी उतरवून घे."