पायदुखी आणि वजनाबद्दल

ताई, तुमचा मुलगा ८ वर्षांचा, वजन १८ किलोवर अडकलंय, रात्री पाय दुखतात आणि शाळेतून आला की आडवा होतो हे वाचून अगदी आमची लेक आठवली. आम्ही ऐरोलीला, तिसरा मजला, लिफ्ट बंद असली की ही दुसऱ्या मजल्यावरच पायरीवर बसायची, दप्तर मांडीवर आणि चेहरा पांढराफटक. सगळे म्हणायचे वाढीचं दुखणं आहे, होईल बरं. वाढीचं दुखणं असतं पण ते दोन्ही पायांना, संध्याकाळी नाहीतर रात्री, आणि सकाळी पोरगं परत उड्या मारतं. त्याने वजन अडत नाही हो आणि दिवसभर थकवाही येत नाही, म्हणून थांबू नका.

आमच्याकडे हिमोग्लोबिन ८.९ आलं, लोहाचं औषध ३ महिने देऊनही वाढेना, तेव्हा नवीन डॉक्टरांनी टीटीजी आयजीए ही रक्ताची टेस्ट करायला सांगितली आणि सिलिअ‍ॅक निघाला, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन नावाचं प्रोटीन चालत नाही. तुमच्याकडे तेच असेल असं मुळीच नाही, साधं लोह किंवा डी व्हिटॅमिन कमी असेल, थायरॉईड असेल, आपल्याकडे टीबीही बघतात. फक्त एक, टेस्टच्या आधी स्वतःहून चपाती बंद करू नका, रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.

आणि ताप येत असेल, सांधा सुजला असेल, एकाच जागी दुखत असेल, लंगडत असेल किंवा अंगावर निळे डाग दिसले तर उद्याच जा, प्लीज. रिपोर्ट आले की इथे कळवा, मी वाट बघतेय.