पहिलं घर विकावं की भाड्याने द्यावं?

खिडकीपाशी:
मंडळी, दोन महिन्यांत आम्ही मोठ्या घरात जातोय. जुनं घर, म्हणजे आमचं पहिलंवहिलं, मला काही विकवत नाहीये. भाडं कर्जाच्या हप्त्यापेक्षा थोडं जास्तच येईल असं दिसतंय. मग घर आपला खर्च आपणच भागवेल ना? नवऱ्याचं म्हणणं, विकून मोकळे होऊ. कुणी केलंय का असं?

दोन किल्ल्या:
केलंय, 6 वर्षं झाली. भाड्याची तुलना हप्त्याशी करू नका, मी तिथेच फसलो. हप्त्यात कर, विमा, डागडुजी, रंग यातलं काही नसतं. शिवाय भाडेकरू बदलताना घर रिकामं राहतं. वर्षात एकच महिना गेला तरी भाड्याचे 8 टक्क्यांहून जास्त गेले. मी 12 महिने धरले होते, हाती 10 आले, त्यातला एक गीझरने खाल्ला.

आणि घराच्या खोडी आपल्या अंगवळणी पडलेल्या असतात. आमच्या सिंकचा नळ बंद करून किंचित उलटा फिरवला तरच ठिबकायचा थांबे. 9 वर्षांत तो बिघडलाय असं आम्हाला कधी वाटलंच नाही! भाडेकरूने बिचाऱ्याने घट्ट पिळला, आटे गेले, आणि रात्री साडेअकराला मला फोन. खालचं कपाट फुगून दार लागेना. भाडेकरूची चूक शून्य, खर्च सगळा माझा. म्हणून सांगतो, आधी एखाद्या पाहुण्याला दोन दिवस तिथे राहू द्या आणि काहीही समजावून देऊ नका. तो जे जे विचारेल, ती तुमची दुरुस्तीची यादी.

टाचणी:
कर्ज स्वतः राहण्यासाठी म्हणून घेतलं असेल तर आधी बँकेला विचारा. विमाही बदलून घ्या. मालक राहतो असं धरून काढलेल्या विम्याचा दावा अडकू शकतो. राहतं घर विकताना मिळणारी करसवलतही अनेक देशांत भाड्याच्या वर्षांमुळे घटते, ते कर सल्लागाराकडून आत्ताच तपासून घ्या.

बाकी एकच विचारते. घर आज विकून, कर्ज फेडून जे उरेल, तेवढी रोकड हातात असती तर भाड्याने द्यायला म्हणून तुम्ही हेच घर घेतलं असतं का?

खिडकीपाशी:
टाचणी, चांगलीच टोचलीत. रात्री नवऱ्याला हाच प्रश्न विचारला, तर तो नुसता हसला. तिसरा मजला, लिफ्ट नाही... नसतंच घेतलं. तरी अजून ठरत नाहीये. शनिवारी बहिणीला तिथे राहायला बोलावलंय. बाथरूमची कडी आतून अडकते, तेही तिला सांगायचं नाही का?

दोन किल्ल्या:
कडीचं तेवढं सांगा हो.