क्रेपसाठी तवा कोणता घेतलात? अनुभव लिहा

सुट्टीत लेक क्रेप करायला शिकली आणि आता दर रविवारी तेच हवं असतं. मैदा, अंडं, दूध, थोडं लोणी. म्हटलं तर धिरडंच, पण मलमलीसारखं पातळ. घरातल्या तव्यावर पहिले चार तुकड्यातुकड्यांनी निघाले. नवीन घ्यायचं तर काय घ्यावं? स्वतः वापरलेलंच सांगा, आणि कुठून लिहिताय तेही.

जुळे सोलापूर
ताई, आधी एक सांगते, भाकरीच्या तव्याला हात लावू नका. मी लावला होता. तेल-लोणी तव्यात मुरलं, नंतर भाकरी टाकली की धूर आणि खवट वास. सासूबाई दोन दिवस तवा घासत होत्या. मग २४ सेंटीमीटरचा, बुटक्या काठाचा नॉनस्टिक घेतला. काठ बुटका असला की उलथनं आडवं सरकतं, क्रेप फाटत नाही. तवा हलका हवा, कारण पीठ ओतल्या ओतल्या मनगटाने गोल फिरवायचं असतं. रिकामा तवा मोठ्या आचेवर तापत ठेवू नका, २६० अंशांच्या पुढे त्याचा थर खराब व्हायला लागतो.

साखर पेठ
आमच्याकडे अट्टू, म्हणजे डोसे, रोजचेच. त्यामुळे बिडाचा तवा घरात होताच, गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर घेतलेला. धुऊन, गॅसवर कोरडा करून, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवायचा, गार करायचा; असं पाच-सहा वेळा. नंतर पंधरा दिवस फक्त डोसे. तोवर क्रेपचं नाव काढू नये.
पण खरी अडचण पुढेच आहे. बीड एकदा तापलं की लवकर निवत नाही. पीठ पसरायच्या आतच धरतं आणि जाळी पडते. डोशाला जाळी हवी, क्रेपला नको. म्हणून प्रत्येक वेळी पाण्याचा हबका मारते, कापलेल्या कांद्याने पुसते, चर्र आवाज बसला की पीठ ओतते. एवढा जड तवा उचलून फिरवणं शक्य नाही. फ्रान्सच्या ब्रिटनी भागात सपाट तव्यावर टी आकाराच्या लाकडी काठीने पीठ पसरतात, तिला रोझेल म्हणतात. मी सुताराकडून तशी करून घेतली. ती पाण्यात बुडवून वापरायची, म्हणजे पीठ चिकटत नाही. पीठ मात्र अर्धा तास मुरू द्या.
तेव्हा आधी ठरवा, तवा फिरवणार की पीठ पसरणार? फिरवणार असाल तर हलका घ्या, पसरणार असाल तर जड.

विजापूर रोड
विजेवरचं क्रेपचं यंत्र घेतलंय, त्याचा तवा पालथा करून ताटलीतल्या पिठात बुडवायचा. क्रेप एकसारखे, गोल, मुलंसुद्धा करतात. मात्र ताटलीतलं शेवटचं पीठ तव्याला लागतच नाही, वाया जातं. कांदा-कोथिंबीर घातलेलं धिरडं तर त्यावर होतच नाही. माझ्या मते, फक्त क्रेपच करणार असाल तरच घ्या.

बाळे
इंडक्शन असेल तर दुकानात चुंबक घेऊन जा. बुडाला चिकटलं नाही तर तो तवा घेऊ नका.

धागा काढणारी
साखर पेठेच्या ताई, लेक म्हणते फिरवायचाच. काल २४ चा हलका तवा आणला, चुंबक लावून. पहिला फाटला, दुसऱ्यापासून अख्खे. ती काठी किती लांब करून घेतलीत ते सांगाल का? धिरड्यांसाठी बीड घ्यायचंच आहे.