मदत हवी आहे: चवथीच्या गोड जेवणानंतर चालण्याने रक्तवाहिन्यांना खरंच फायदा होतो का?

कुळागर

नमस्कार मंडळी,

चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आलीय आणि यंदा घरात एकाच प्रश्नावर रोज चर्चा चाललीय. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट किंवा या विषयाचा अभ्यास असलेल्या कुणीही मदत केली तर फार बरं होईल.

आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, ६८ वर्षांचे आहेत. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ६.२, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. रक्तदाबाची एक गोळी रोज सकाळी घेतात. छातीत दुखणं, धाप लागणं असलं काही नाही. पण त्यांच्या थोरल्या भावाची बायपास झाली आहे, त्यामुळे मला साखरेच्या आकड्यापेक्षा रक्तवाहिन्यांची काळजी जास्त वाटते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली आलेल्या अभ्यासात मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण आपल्या गोव्यात निघालं होतं, २६.४ टक्के. देशाचा आकडा ११.४ होता. तेव्हा हा प्रश्न फक्त आमच्या घरापुरता नाही.

चवथीला आम्ही सगळे फोंडा तालुक्यातल्या मूळ घरी जमतो. पातोळ्या (हळदीच्या पानात उकडलेला गोड पदार्थ), नेवऱ्या (करंज्या), मणगणं (गूळ-नारळाची खीर), सोबत भात आणि खतखतं (मिश्र भाजी). आरत्या आटपून पानं वाढेपर्यंत दोन वाजतात आणि जेवण झालं की अख्खं घर आडवं होतं. नेमकी हीच वेळ मला खटकते. जेवायला बसल्यापासून साधारण अर्ध्या ते दीड तासात रक्तातली साखर सर्वांत वर जाते, आणि आमच्याकडे तेव्हा सगळे गाढ झोपेत असतात.

घरात तीन मतं आहेत. बाबा म्हणतात, संध्याकाळी देवळापर्यंत चालून येईन, तेवढं पुरे. नवऱ्याचं म्हणणं, हात धुतल्याबरोबर चालायचं. नणंदबाई म्हणतात की सकाळी चांगला व्यायाम झाला असेल तर दुपारी काय खाल्लं याने फारसं बिघडत नाही.

मी वाचलंय ते असं: रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो. तो नायट्रिक ऑक्साइड तयार करतो आणि त्यामुळे वाहिनी सैल होते, रुंदावते. (या वायूच्या कामाचा शोध लावणाऱ्या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं.) साखर एकदम चढली की हे रुंदावणं काही तास मंदावतं. इथवर समजलं. आता व्यायामाने ते भरून निघतं का, आणि व्यायाम जेवणाआधी करावा की नंतर? आमच्याकडे माडाचा गूळ वापरतात, त्याने काही फरक पडतो का? शिवाय चवथीला पाऊस असतोच. अंगणात शेवाळ, रस्त्यावर चिखल. म्हाताऱ्या माणसाला बाहेर पाठवायची भीती वाटते, तर घरातल्या घरात काय करता येईल?

मांडवीकाठ

कुळागर ताई, मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, त्या बाजूने लिहितो. औषधांबद्दल मात्र तुमच्या डॉक्टरांचाच शब्द शेवटचा.

तुमच्या नणंदबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे. २००८ साली अमेरिकेत याच्या जवळचा प्रयोग झाला होता. लोकांना चॉकलेटचा बार आणि शीतपेय दिलं आणि हाताची धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीने मोजलं. आदल्या दिवशी दमाचा व्यायाम केला असेल, तर त्या गोड खाण्यानंतरही धमनीचं काम चांगलं राहिलं. या मोजणीत दंडाला किंवा मनगटाजवळ पट्टा आवळून पाच मिनिटं रक्त अडवतात आणि मग सोडतात. रक्ताचा लोंढा आला की निरोगी धमनी रुंदावते. ही चाचणी मुख्यतः संशोधनात वापरतात, बाबांना ती करून घ्यायची गरज नाही.

कारण दुहेरी आहे. साखर चढली की पेशींत ऑक्सिजनची उपद्रवी रूपं वाढतात आणि ती नायट्रिक ऑक्साइडला निकामी करतात. चालताना रक्त वेगाने वाहतं, त्याचं घर्षण आतल्या थराला जाणवतं आणि तो थर जास्त नायट्रिक ऑक्साइड बनवायला लागतो. दुसरीकडे आकुंचन पावणारे स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर आत ओढतात. एका व्यायामाचा इन्सुलिनवरचा चांगला परिणाम पुढे एक ते दोन दिवस टिकू शकतो, म्हणून आदल्या संध्याकाळचं चालणंही वाया जात नाही.

तरीही जेवणानंतरच्या चालण्याला मी वरचं स्थान देईन. न्यूझीलंडमध्ये मधुमेही लोकांवर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसातून एकदाच कधीतरी ३० मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सुमारे १२ टक्के कमी राहिली. फरक सर्वांत जास्त दिसला रात्रीच्या जेवणानंतर.

माडाच्या गुळाबद्दल: चव निराळी, पण त्यातही मुख्यतः सुक्रोजच असतं. साखर चढण्याच्या बाबतीत त्याला सवलत देऊ नका. मणगण्यात साबुदाणाही असतो आणि नारळाचा रसही. जड स्निग्ध जेवणानंतर धमन्यांचं रुंदावणं कमी होतं, हे १९९७ पासून माहीत आहे. वाटी लहान घ्या, एवढंच सांगेन. चवथीला मणगणं नको असं कुणाला सांगवणार?

ऊनपाऊस

दोन गोष्टी सांगते, माझ्या आईच्या अनुभवावरून. भरल्या पोटी वयस्क माणसांचा रक्तदाब उतरू शकतो, त्यात रक्तदाबाची गोळी चालू असेल तर उठल्यावर भोवंडल्यासारखं होतं. म्हणून पानावरून उठल्यावर लगेच झपझप चालायला लावू नका. थोडं बसू दे, मग सावकाश. बोलता बोलता चालता येईल इतपतच वेग ठेवा. चालताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, असं काहीही झालं तर तिथेच थांबून डॉक्टर गाठा. ज्यांना आधीच हृदयविकार आहे त्यांनी तर आधी विचारूनच करावं. तुमचे थोरले काका चवथीला येत असतील तर त्यांच्यासाठी वेगळा सल्ला घ्या, बाबांचा नियम त्यांना लावू नका.

पावसाचं म्हणाल तर मूळ घराला लांब सोपा (ओसरी) असेल ना? त्यातच येरझाऱ्या घालायच्या. पायात चप्पल मात्र घसरणारी नको.

कुळागर

दोघांचेही मनापासून आभार. सोपा भरपूर लांब आहे, आणि माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची सजावट) आतल्या चौकीत असते, त्यामुळे सोप्यात बाबा कुणाच्या वाटेत येणार नाहीत.

एक शंका राहिली. बाबांना बसून आरत्या, फुगड्या बघायला आवडतं, त्यात तीन-तीन तास जातात. जेवणानंतर एकदा चालले आणि मग संध्याकाळपर्यंत बसूनच राहिले, तर?

मांडवीकाठ

बसणं हा वेगळा मुद्दा आहे, बरं झालं विचारलंत. तीन तास सलग बसवून ठेवलं की निरोगी तरुणांच्याही मांडीतल्या धमनीचं रुंदावणं कमी झालेलं दिसलंय, कारण पायांतला रक्तप्रवाहच मंदावतो. दर तासाला पाच मिनिटं हळूहळू चालवलं तेव्हा ती घट दिसली नाही. म्हणून बाबांना आरतीला उभं राहू दे, मध्ये झांजा वाजवू दे, पाहुण्यांना पाणी नेऊन देऊ दे. उठता येत नसेल तेव्हा बसल्या जागी टाचा वर-खाली करत राहणंही चालेल.

आणि दुपारची झोप पूर्ण बंद करायला लावू नका, त्यावरून सणासुदीला वाद होतात. चालणं झाल्यावर झोपू दे. पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: सकाळची रक्तदाबाची गोळी आणि जेवणानंतरचं चालणं यांचा मेळ कसा घालायचा, आणि पुढे मागे साखरेची गोळी सुरू झालीच तर ती चालण्याने साखर फार खाली नेणारी आहे का. काही गोळ्यांनी ते होतं, नुसत्या मेटफॉर्मिन या गोळीने सहसा होत नाही.

कुळागर

दोन्ही प्रश्न वहीत लिहून ठेवले. बाबांना हा धागा वाचून दाखवला. जेवणानंतर सोप्यात १५ मिनिटं चालायला तयार झालेत, नातवंडांनी सोबत यायचं या अटीवर.