मदत हवी आहे : लॅटिन 'टेस्टूडो' म्हणजे इथे लायर की ल्यूट?

सोळाव्या शतकातल्या एका छोट्या लॅटिन कवितेचा मराठी अनुवाद करतोय, 'टेस्टूडो'पाशी गाडी अडली आहे. मूळ अर्थ कासव. रोमन देव मर्क्युरीने कासवाच्या पाठीला तारा लावून वाद्य केलं, म्हणून लायर (चौकटीत ताणलेल्या तारांचं प्राचीन वाद्य). त्याशिवाय सैनिकांनी डोक्यावर ढाली जोडून केलेलं छत आणि इमारतीची कमान असलेलं छतही. रोमन कवी व्हर्जिलच्या 'एनीड' महाकाव्याच्या पहिल्या सर्गात देवळाच्या छताला, तर दुसऱ्यात वेढ्यातल्या ढालींच्या छताला हाच शब्द आहे. हे दोन अर्थ माझ्या कवितेत बसत नाहीत, वाद्यच आहे हे नक्की.

अडचण पुढची. रोमन कवी होरेसच्या 'ओड्स' या कवितासंग्रहात (३.११) सात तारांची टेस्टूडो आहे, म्हणजे लायर. पण १६०३ मध्ये कोलोनला छापलेल्या ल्यूटवादक बेसारच्या संगीतरचनांच्या संग्रहाच्या शीर्षकात हाच शब्द चक्क ल्यूटसाठी (मान आणि फुगीर पोट असलेलं तंतुवाद्य) आहे. माझा कवी समकालीन वादकाची स्तुती करतो, पण शब्दकळा सगळी होरेसची उचललेली. (या मंडळींची ही खोडच!) तारांची संख्या दिलेली नाही, फक्त बोटांनी छेडल्याचा उल्लेख आहे; पण लायरही बोटांनी छेडत, त्यामुळे तेवढ्यावर निकाल लागत नाही.

शब्दकोश पाहून झाले, ते अर्थांची यादी देतात, निवड आपल्यावर. इंग्रजी अनुवाद उपलब्ध नाही. 'वीणा' सुचवू नका, वाचकाच्या डोळ्यांपुढे भलतंच वाद्य येतं.

त्या काळच्या लॅटिन कवितेत ल्यूट ओळखायला सोबतचे कोणते शब्द बघायचे? आणि खूण सापडलीच नाही, तर वादक समकालीन आहे एवढ्यावरून ल्यूट धरणं योग्य ठरेल का?