शब्दचर्चा: ‘ड्रिटविर्कुंग’ला ‘त्रयस्थ परिणाम’ म्हणावं का?

जर्मन ‘ड्रिट’ म्हणजे तिसरा, ‘विर्कुंग’ म्हणजे परिणाम. मूलभूत हक्क खासगी करारांवर कसे परिणाम करतात, यासाठी हा शब्द युरोपात रूढ आहे. मराठीत ‘त्रयस्थ परिणाम’ चालेल का?

— नको. मराठीत त्रयस्थ म्हणजे ज्याचा संबंध नाही तो, आणि करार कायद्यात कराराबाहेरचा माणूस. इथला ‘तिसरा’ मात्र करारातला समोरचा पक्षच असतो. हक्काच्या नात्यात शासन एक, नागरिक दुसरा. म्हणून बँक किंवा मालक तिसरा. ‘खासगी व्यवहारातील हक्कप्रभाव’ लांबलचक आहे, पण दिशाभूल करत नाही.

— या शब्दाआधी लागणाऱ्या ‘मिटेलबार’चं, म्हणजे ‘अप्रत्यक्ष’चं काय? ‘अप्रत्यक्ष’ म्हटलं की प्रभाव पुसट वाटतो. तो पुसट नसतो, फक्त दिवाणी संहितेच्या कलमातून येतो. मी ‘कलमामार्फत’ म्हणेन. १९५८ च्या ल्यूथ निकालापासून जर्मन घटना न्यायालयाची हीच रीत आहे. १९ ऑक्टोबर १९९३ चा जामिनकीचा निकाल पाहा. २१ वर्षांची मुलगी वडिलांच्या कर्जाला १ लाख मार्कांची जामीन राहिली. तेव्हा मासळीच्या कारखान्यात तिला महिन्याला १,१५० मार्क हाती पडत. त्यातून व्याजही भागलं नसतं. सही घेताना बँकेच्या माणसाने सांगितलं होतं की यात मोठी जबाबदारी नाही, कागद फायलीसाठी हवा. न्यायालयाने हक्काचं कलम थेट बँकेवर लावलं नाही. कलम १३८ (नीतिबाह्य करार) आणि २४२ (सचोटी) यांचा अर्थ लावताना करारस्वातंत्र्याच्या हक्काचं भान दिवाणी न्यायालयाने ठेवायला हवं होतं, असं म्हणून तिच्याविरुद्धचा निकाल रद्द केला.

— भाषांतरात इथेच घोटाळा होतो. ‘दुबळ्या पक्षाचा करार रद्द’ असं लिहून मोकळे होतात. अटी दोन आहेत: एका पक्षाची वाटाघाटीतली रचनात्मक दुर्बलता, आणि त्याच्यावर पडणारा असाधारण बोजा. महाग पडलेला सौदा एवढ्याने मोडत नाही. आणि ‘गूटे झिटेन’ला ‘चांगल्या चालीरीती’ लिहू नका. कलम १३८ मध्ये तो ‘नीतिमत्ता’ आहे.

— ‘कलमामार्फत’ सगळीकडे मात्र बसणार नाही. ६ नोव्हेंबर २०१८ ला युरोपीय संघाच्या न्यायालयाने पगारी रजेचा हक्क, म्हणजे संघाच्या मूलभूत हक्कसनदेचं कलम ३१(२), खासगी मालकालाही थेट लागू केला. मृत कामगाराच्या न घेतलेल्या रजेचे पैसे वारसाला मागता येतात. तिथे ‘थेट हक्कप्रभाव’च लिहावं. भारतीय संविधानाचं कलम १७ आठवा: अस्पृश्यतेची मनाई खासगी माणसालाही थेटच बांधते.